संकरित गाय की म्हैस? पुणे जिल्ह्यात दहा जनावरांचा गोठा टाकताना

होल्स्टीन संकरित गाय एका वेताला (एकदा व्याल्यावरच्या दुधाच्या काळात) साडेतीन ते चार हजार लिटर देते, मुऱ्हा म्हैस दोन हजारांच्या आसपास. नुसत्या लिटरवर निकाल लागत असता तर जिल्ह्यात म्हैस शिल्लकच राहिली नसती. पण इंदापूर, बारामती, दौंड, शिरूरच्या बागायती पट्ट्यात काळ्या-पांढऱ्या गायी दिसतात आणि शहराच्या कडेला, तसंच मावळ-मुळशीकडे म्हशी अजून टिकून आहेत. दोन्हीकडची माणसं हिशेबाला पक्की आहेत. तुमच्या दुधाला गिऱ्हाईक कोण, वैरण कुठून येते आणि भाकड झालेल्या जनावराचं पुढे काय होतं, या तीन गोष्टींवर त्यांचं उत्तर बदलतं.

पुढचं सगळं घरच्या दोन-तीन एकर पाण्याखालच्या जमिनीवर, घरच्याच माणसांच्या हातांवर दहा जनावरं सांभाळू पाहणाऱ्यासाठी आहे. पन्नास गायींच्या गोठ्याचं गणित वेगळं असतं, त्यात इथे शिरलेलो नाही.

संकलन केंद्रावर दूध कसं मोजलं जातं

कात्रजचा जिल्हा दूध संघ असो किंवा खासगी डेअरी, गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, टक्क्यांत) धरून बोलला जातो, म्हशीचा ६.० आणि ९.० धरून. त्याखाली गेलं की पॉइंटमागे कपात, वर गेलं की वाढ. गायवाल्याला फॅटपेक्षा एसएनएफ छळतं, म्हैसवाल्याला फॅट. हे आधीच माहीत असलं की पहिल्या महिन्याचं बिल बघून धक्का बसत नाही.

एसएनएफ लॅक्टोमीटरच्या (दुधात तरंगणाऱ्या, घनता मोजणाऱ्या नळीच्या) डिग्रीवरून काढतात. आपल्याकडे चालणारं सूत्र असं: डिग्री भागिले ४, अधिक फॅट गुणिले ०.२१, अधिक ०.३६. म्हणजे ३.८ फॅटच्या दुधाला २८ डिग्री लागली तर एसएनएफ ८.१६ येतं आणि २९.५ लागली तर ८.५३. दीड डिग्रीच्या फरकात दूध कपातीतून बाहेर येतं. आता धार काढून दहा मिनिटांत केंद्रावर नेलेलं कोमट, फेसाळ दूध बघा. लॅक्टोमीटर २७ अंश सेल्सिअसला बेतलेला असतो. पस्तीस अंशाच्या दुधात तो जास्त बुडतो आणि डिग्री एक-दीडने कमी दिसते. फेसातली हवा केंद्रावरच्या तपासणी मशीनलाही चकवते. दूध गार पाण्यात ठेवून, फेस बसू देऊन, हलक्या हाताने ढवळून मग नमुना द्यावा. हे करूनही एसएनएफ ८.२ च्या वर चढत नसेल तर खुराकात ऊर्जा कमी पडतेय किंवा एखाद्या गायीला सुप्त कासदाह (वरून न दिसणारी कासेची सूज) आहे. सीएमटीच्या (कासदाह तपासणीच्या) द्रावणाने चारही सडांचं दूध तपासा. दूध जेलीसारखं घट्ट झालं तर सापडलं.

म्हशीचं फॅट बहुतेक वेळा गोठ्यातच हरवतं. धारेच्या सुरुवातीच्या दुधात फॅट एक-दोन टक्के असतं, शेवटच्या धारांमध्ये आठ-दहाच्या घरात जातं. बरेच जण आधी पान्ह्यापुरतं रेडकू सोडतात, मग धार काढतात आणि उरलेलं परत रेडकाला सोडून देतात. म्हणजे साय रेडकाच्या पोटात आणि पातळ दूध किटलीत. रेडकाला त्याच्या वाट्याचं दूध द्यायलाच हवं, पण ते सुरुवातीला, एका सडाचं. शेवटच्या धारा किटलीतच पडल्या पाहिजेत. एवढ्या एका बदलाने फॅटचा पट्टा वर सरकतो.

भावाच्या चढउताराचंही बघायला हवं. गायीचं जादा दूध पावडर आणि बटरकडे वळतं आणि पावडर पडली की तिच्यासोबत तुमचा भाव पडतो. २०२४ मध्ये राज्य सरकारला गायीच्या दुधाला लिटरमागे आधी ५, मग ७ रुपये अनुदान द्यावं लागलं, ते याच घसरणीमुळे. म्हशीच्या दुधाला असं अनुदान नव्हतं, पण तिचा भाव एवढा कोसळलाही नव्हता. बँकेचा हप्ता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो, त्यामुळे सरासरी भावापेक्षा सर्वांत वाईट महिन्यात किती मिळेल यावर कर्जाचा आकडा ठरवा.

एका वेताचा हिशेब

खालचे भाव गणितासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे घालून पुन्हा मांडा. ओली वैरण घरच्या शेतातली, २ रुपये किलो. कडबा-भुसा ७ रुपये, पशुखाद्य ३० रुपये किलो. नियमाने गायीला दीड किलो अंगाला (शरीर टिकवायला) आणि अडीच लिटरमागे एक किलो, म्हशीला दीड किलो अंगाला आणि दोन लिटरमागे एक किलो खुराक लागतो. मुरघास (हवाबंद मुरवलेली ओली वैरण) चांगला आहे असं धरून दोन्हीकडे किलोभर कमी केला आहे.

| | संकरित गाय | मुऱ्हा म्हैस |
|---|---|---|
| दोन वेतांतलं अंतर | ४१० दिवस | ४८५ दिवस |
| त्यात दुधाचे दिवस | ३०५ | ३०० |
| वेताचं दूध | ३,६०० लिटर | २,१०० लिटर |
| दुधात असताना रोजचा खर्च (खुराक, वैरण, खनिज मिश्रण) | २३३ रु. | २२० रु. |
| भाकड असताना रोजचा खर्च | १४२ रु. | १३७ रु. |
| वेताचा एकूण चारा-खुराक | ८६,००० रु. | ९१,३०० रु. |
| केंद्रावरचा भाव | ३२ रु. | ५४ रु. |
| दुधाचे पैसे | १,१५,२०० रु. | १,१३,४०० रु. |
| शिल्लक | २९,२०० रु. | २२,१०० रु. |

बहुतेकांचा हिशेब इथे थांबतो आणि गाय जिंकते. पण गाय ९० हजारांना घेतली, चार वेतं दूध दिलं आणि पाचव्याला भाकड राहिली तर तिचे किती येतात? राज्यात २०१५ पासून गोवंशाच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आहे, त्यामुळे म्हाताऱ्या संकरित गायीला बाजारात जवळपास गिऱ्हाईक नाही. ९० हजार भागिले चार, म्हणजे वेताला साडेबावीस हजार झीज. म्हैस १ लाख २० हजारांना घेतली, पाच वेतं चालली आणि शेवटी ४५ हजारांना गेली तर झीज वेताला १५ हजार. आता गायीची शिल्लक ६,७०० आणि म्हशीची ७,१०० राहते. दिवसाला मोजलं तर गायीला १६ रुपये, म्हशीला १५. दोघी बरोबरीत.

यात मजुरी, डॉक्टर, विमा, व्याज धरलेलं नाही आणि शेणखत, कालवड (गायीचं मादी वासरू), वगार (म्हशीचं मादी वासरू) यांचीही किंमत धरलेली नाही. बरोबरीवरून तराजू कुठे झुकतो ते बघा. गायीचा भाव ३६ झाला तर वेताची शिल्लक २१ हजारांवर जाते, २८ वर आला तर पावणेआठ हजारांचा तोटा. आणि ओली वैरण ५ रुपयांनी विकत घ्यायची वेळ आली तर गायीला वेतामागे साडेचोवीस हजार, म्हशीला छत्तीस हजार जादा लागतात. स्वतःची वैरण नसेल तर केंद्रावर दूध घालण्यासाठी दोन्हींपैकी काहीच घेऊ नका, इतकं हे सरळ आहे.

गायवाल्याला झीज कमी करायचा एकच चांगला रस्ता आहे: घरची कालवड. लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरली तर शंभरातली नव्वद वासरं कालवडी होतात. महाग मात्रा उलटणाऱ्या (रेतन करूनही गाभण न राहणाऱ्या) गायीवर वाया घालवू नका. कालवडींना आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या, एका रेतनात गाभण राहणाऱ्या गायींनाच ती भरा.

माज हुकला की काय होतं

गाय साधारण नऊ महिने नऊ दिवसांनी विते, म्हैस दहा महिने दहा दिवसांनी. हा महिन्याचा फरक निसर्गाचा आहे, त्याला इलाज नाही. पण वेतांतरातला बाकीचा फरक गोठ्यात तयार होतो. व्याल्यानंतर साठ ते नव्वद दिवसांत भरवली आणि लागली, तर गाय सव्वाअकरा ते सव्वाबारा महिन्यांत पुन्हा विते. प्रत्येक हुकलेला माज म्हणजे २१ दिवस, आणि ते दिवस अखेर भाकड काळात जमा होतात, म्हणजे एका माजाचे जवळपास तीन हजार रुपये. गायीचं वेतांतर ६० दिवसांनी लांबलं तर साडेआठ हजार गेले. झीज कापून उरलेली सगळी शिल्लक संपली. उलट म्हशीचं वेतांतर सोळा महिन्यांवरून चौदावर आणलं तर सव्वाआठ हजार वाचतात आणि रोजची शिल्लक १५ वरून ३६ रुपयांवर जाते. म्हशीच्या धंद्यात कमाई दूध वाढवून होत नाही तेवढी माज ओळखून होते.

आणि तिथेच ती अवघड आहे. गाय माजावर आली की हंबरते, दुसऱ्या गायीवर चढते, गोठ्यात शिरल्याबरोबर कळतं. म्हशीचा माज मुका असतो. ती ओरडेलच असं नाही, चढणं तर क्वचितच. दूध अचानक अर्धा-एक लिटर कमी होणं, थोडी थोडी लघवी वारंवार करणं, शेपूट किंचित बाजूला धरणं आणि सकाळी बसलेल्या जागेवर काचेसारखा सोट (चिकट स्राव) दिसणं, एवढ्यावरच ओळखायचं. म्हशीचा माज रात्री नि पहाटे जास्त उघड होतो, म्हणून पहाटे चारला आणि रात्री दहाला बॅटरी घेऊन एक चक्कर मारावी लागते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन्ही जनावरांना हा नियम चालतो.

शिवाय म्हशीचा माज हंगामी. श्रावण-भाद्रपदापासून माघापर्यंत म्हशी चांगल्या येतात, उन्हाळ्यात बहुतेक मुक्या बसतात. परिणामी त्या पावसाळा-हिवाळ्यात वितात आणि उन्हाळ्यात, जेव्हा शहरात दह्या-ताकाला आणि श्रीखंडाच्या चक्क्याला दूध कमी पडतं, तेव्हा गोठ्यातलं दूध उतरलेलं असतं. गायीला हे बंधन नाही, वर्षभर रेतन करता येतं.

पान्हा, मशीन आणि रेडकू

संकरित गाय वासराशिवाय पान्हा सोडते. कास धुवा, चार धारा काळ्या वाटीत काढून गाठी आहेत का बघा, मशीन लावा, पाच-सहा मिनिटांत मोकळे. वासराला बाजूला बाटलीने दूध. दहा गायींना एक बकेट मशीन आणि दोन माणसं पुरतात. मशीनला सर्वांत मोठा धोका धार संपल्यावरही ते लावून ठेवण्याचा. सडाचं टोक फुटलं की कासदाहाला दार उघडलं. कप काढल्यावर चारही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि गायीला अर्धा तास बसू द्यायची नाही. समोर वैरण टाकली की ती उभी राहते.

म्हैस पान्ह्याला हट्टी. तिचं रेडकू मेलं की पुष्कळदा दूधही गेलं. म्हणून म्हशीच्या गोठ्यात रेडकाचा जीव हाच दुधाचा विमा. रेडकं पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त जंतांनी मरतात, आणि हे जंत आईच्या दुधातूनच येतात. दहाव्या दिवसाच्या सुमारास जंताचं औषध पाजायचं, जन्मल्यावर तासाभरात चीक पाजायचा, नाळ आयोडीनमध्ये बुडवायची, एवढं केलं तर बरीचशी वाचतात. पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचणारे अजूनही आहेत. ते बेकायदा आहेच, शिवाय एकदा सवय लागली की त्याशिवाय म्हैस दूध सोडत नाही. त्यापेक्षा धारेच्या वेळी खुराक पुढे ठेवण्याची, तोच माणूस तीच वेळ पाळण्याची सवय लावा. पहिलारू म्हशीला ही सवय लागते, तिसऱ्या वेताच्या विकत आणलेल्या म्हशीला क्वचित.

म्हशीला मशीन चालतं, पण सड घट्ट असल्याने दाब जास्त लागतो आणि वेळही. हाताने काढणारा चांगला गडी मिळत असेल तर दहा म्हशींसाठी मशीनची घाई नको. सड घट्ट असण्याचा एक फायदा मात्र आहे: कासदाह गायीच्या मानाने कमी.

वैरण आणि तालुका

दहा गायींना रोज वीस किलोप्रमाणे वर्षाला ७३ टन ओली वैरण लागते. मका एकरी १५ ते २० टन धरला तर मक्याची चार एकर पिकं, म्हणजे दोन एकर रान वर्षातून दोनदा. दहा म्हशींना ९१ टन, म्हणजे पाच पिकं. नेपियरचे ठोंब बांधाला आणि थोडी मेथीघास असली की खुराकाचा भार हलका होतो.

मुरघासासाठी मका दाणा चिकात आल्यावर कापायचा, कुट्टी दीड-दोन सेंटिमीटर, आणि दाबताना पाय आत रुतणार नाही इतकी घट्ट. लवकर कापला तर पाणी सुटून आंबूस वास येतो, उशिरा कापला तर हवा राहून बुरशी धरते. ४५ दिवसांनी उघडा आणि रोज थर काढत जा. वरचा बुरशीचा थर उकिरड्यावर, गव्हाणीत नाही. बुरशीने गाभ पडतात आणि दूध उतरतं.

इंदापूर-बारामतीकडे उसाचं वाढं (वरचे हिरवे शेंडे) फुकटात मिळतं म्हणून काही जण जनावराला दुसरं काही देतच नाहीत. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि जास्त दुधाची गाय व्याल्यावर बसते, उठत नाही. वाढं दहा-पंधरा किलोच्या वर नको, त्याची कुट्टी करून वर चुन्याची निवळी शिंपडा, सोबत खनिज मिश्रण रोज. म्हैस वाढ्यावर आणि कडब्यावर गायीपेक्षा चांगली निभावते. निकृष्ट वैरण पचवण्यात ती सरसच आहे. त्यामुळे मावळ, मुळशी, भोरच्या भातपट्ट्यात, जिथे पेंढा मुबलक आणि पावसात गोठा ओला राहतो, तिथे होल्स्टीन नेण्याचा आग्रह आम्हाला पटत नाही. चिखलात खुरं कुजतात, गोचीड वाढतं, आणि पेंढ्यावर बारा लिटर दूध निघत नाही.

ऊन आणि आजार

उन्हाळ्यात पुण्याचा पारा ३८-४० वर जातो. होल्स्टीन पंचवीस-सत्तावीस अंशांपुढे अस्वस्थ होते: धापा टाकते, कमी खाते, दूध तीन-चार लिटरने उतरतं आणि रेतन उलटतं. मुक्तसंचार गोठ्यात गायीमागे साडेतीन चौरस मीटर छत आणि सात मोकळे, म्हशीला चार आणि आठ. पत्रा मध्यावर १४-१५ फूट उंच, दुपारी फॉगर आणि पंखा एकत्र. नुसता फॉगर लावला तर दमट हवेत गाय आणखी गुदमरते. म्हैस काळी, घाम कमी, तिला ऊन गायीइतकंच लागतं, पण उपाय स्वस्त आहे: अकरा ते चार या वेळात तीनदा पाइपने अंगावर पाणी. डबकं असायलाच हवं असं नाही. पाण्याचा टँकर विकत घ्यावा लागणाऱ्या गावात मात्र हा स्वस्त उपायही महाग पडतो.

लसी दोघींना सारख्याच: लाळ्या खुरकूत वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी घटसर आणि फऱ्या, मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची. घटसर म्हशीला जास्त झपाट्याने नेतो, ती लस चुकवू नका. लम्पीने २०२२ मध्ये राज्यातला गोवंश पोळला, म्हशींना त्याचा त्रास बराच कमी झाला. गोचीडतापही संकरित गायीचाच शत्रू.

एक लक्षण दोन्हीकडे दिसतं पण कारण वेगळं असतं: लाल लघवी. गायीला सोबत ताप असेल आणि अंगावर गोचीड असेल तर रक्तातल्या परजीवीचा संशय घ्यायचा. म्हशीला व्याल्यानंतर दोन-चार आठवड्यांत, ताप नसताना झाली तर बहुतेकदा स्फुरदाची कमतरता. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून डॉक्टरला फोनवर ताप मोजूनच सांगा. व्यायला टेकलेल्या म्हशीचं मायांग (योनीमार्गाचा भाग) बाहेर येण्याचा प्रकारही गायीपेक्षा जास्त दिसतो. तिला उताराच्या जागी, मागची बाजू किंचित उंच राहील अशी बांधा.

शहरात रतीब घालायचा असेल तर

हडपसर, वाघोली, मांजरी, बाणेरपासून अर्ध्या-पाऊण तासात पोचत असाल तर वरचा सगळा हिशेब नव्याने मांडायला हवा. म्हशीचं सुटं दूध ८० आणि गायीचं ५६ रुपयांनी घरपोच जातं असं धरू, आणि लिटरमागे ६ रुपये पेट्रोल, सांडलवंड, बुडीत उधारी यांचे वजा करू. झीज कापून म्हशीला दिवसाला १०१ रुपये राहतात, गायीला १७४. इथेही गाय पुढे, पण एका अटीवर: तिचं सगळं दूध खपलं पाहिजे. अर्धं रतिबाला आणि अर्धं केंद्रावर गेलं तर गायीचे ९५ होतात आणि दोघी पुन्हा शेजारी येतात.

गायीचं सगळं दूध खपणं सोपं नाही. त्याच भावात गायीच्या दुधाची पिशवी कोपऱ्यावरच्या दुकानात सहाला हजर असते. सुट्या दुधाचा माणूस शोधणारी बाई शोधत असते ती साय, विरजण आणि तूप, म्हणजे म्हशीचं दूध. टपरीवाल्यालाही चहाला तेच हवं. दहा म्हशींचं रोजचं सरासरी ४३ लिटर दोन किटल्यांत एका दुचाकीवर संपतं; दहा गायींच्या ८८ लिटरला दुसरी फेरी किंवा छोटी गाडी आणि दुप्पट घरं लागतात. जास्त झालेल्या म्हशीच्या दुधाला गणेश पेठेतली दूधभट्टी (सुट्या दुधाचा बाजार) आहे, कोजागरीला तिथला भाव बघण्यासारखा असतो.

रतिबाची खरी मेहनत दुधात नाही, वेळेत आहे. काढल्यापासून चार-पाच तासांत कच्चं दूध उकळलं किंवा ४ अंशांवर गेलं पाहिजे. एप्रिलमध्ये हा वेळ आणखी कमी. किटली स्टीलची, आधी गार पाणी, मग गरम पाणी आणि सोडा, मग उलटी वाळवणे. झाकणाच्या रबरात पांढरा थर बसला की तिथूनच दूध फाटायला लागतं. अन्नसुरक्षेची नोंदणी उलाढालीनुसार करून घ्या. आणि गायीचं दूध म्हशीच्या दुधात मिसळून म्हशीच्या भावाने विकायचा मोह आवरा. चौथ्या दिवशी साय पातळ आली की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमचं नाव येतं.

गीर किंवा खिल्लारचं काय, हे विचारलं जातंच. देशी गायीचं दूध पुण्यात चढ्या भावाने जातं, पण ते गिऱ्हाईक एकेक करून जोडावं लागतं आणि गीर आठ-दहा लिटरच्या पुढे फारशी जात नाही. आधी पन्नास पक्की घरं, मग गाय. उलट क्रमाने गेलात तर ते दूध केंद्रावर साध्या गायीच्या भावानेच ओतावं लागेल.

खरेदी करताना

चाकण, बेल्हे, नेवासा तालुक्यातलं घोडेगाव, कुठेही जा. दुधाचा आकडा एका धारेवरून मान्य करू नका. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी धार न काढता कास तुंबवून आणतात. सकाळ, संध्याकाळ आणि पुन्हा सकाळ अशा तीन धारा समोर काढून घ्या आणि शेवटच्या दोनच मोजा. चारही सडांतून सारखी धार येते का, धार काढल्यावर कास पिशवीसारखी सैल पडते का बघा. तरीही टणक राहिली तर ती मांसल कास आहे, दुधाची नाही. दुसऱ्या वेताची, व्यायला पंधरा-वीस दिवस झालेली घ्यावी. ब्रुसेलाची तपासणी रक्तावर करून घ्या. कानात १२ अंकी बिल्ला नसेल तर सौदा नको. विमा आणि सरकारी योजना त्याच नंबरवर चालतात.

हरियाणातून येणाऱ्या मुऱ्हाला प्रवासाचा शीण, पाण्याचा आणि वैरणीचा बदल सोसावा लागतो. पहिले दोन-तीन आठवडे दूध सांगितल्यापेक्षा कमीच राहील, तेवढे दिवस हाती पैसा ठेवा. तिचं रेडकू सोबत आहे का आणि ते खरंच तिचंच आहे का, हे ट्रकमधून उतरतानाच बघायचं: म्हैस हुंगून चाटते की लाथ मारते. पंढरपुरी म्हैस दूध कमी देते, पण ती इथल्याच कडब्यावर वाढलेली असते आणि माजाला नियमित, म्हणून पहिल्यांदाच म्हैस पाळणाऱ्याला तीच बरी.

दहाच्या दहा एकदम आणू नका. चार जनावरं आता, आणखी तीन जनावरं साडेतीन-चार महिन्यांनी, उरलेली तीन त्यानंतर तेवढ्याच अंतराने. रतीब आणि केंद्र दोन्ही हाताशी असेल तर पहिल्या चारात म्हशी घ्या आणि घरं जोडा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला गायी आणून त्यांचं दूध केंद्राला लावा. म्हशी उन्हाळ्यात उतरतात तेव्हा दर दहा दिवसांचं गायीचं बिल खुराकाचा खर्च भागवतं.